न घासलेला रांजण

माझा धाकटा भाऊ हैदराबादहून आला तेव्हा त्याच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात झाकणाला भोकं पाडलेली पांढरी बादली. बादलीभोवती ओला टॉवेल गुंडाळलेला. आदिलाबादच्या बस स्टँडपासून मावल्यातल्या आमच्या घरापर्यंत तो ऑटोत ती बादली मांडीवर घेऊन बसला होता. बॅग त्याने दारातच टाकली, बादली मात्र आत आणून ओट्याखाली अलगद ठेवली. मायला वाटलं पोराने मासे आणले. तिने कौतुकाने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं.

"काय होय हे?" तिने मला विचारलं. घरात विज्ञानाची मास्तरीण मी, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात.

मी झाकण काढलं. आत वीतभर लांबीचा, कच्च्या कोलंबीच्या रंगाचा एक जीव तळाशी बसला होता. चार पाय, माशासारखी शेपूट, पापण्या नसलेले मण्याएवढे डोळे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे कल्ले, पाण्यात हळूहळू हलणारे. आणि तोंड असं रुंद, की तो माझ्याकडे पाहून हसतोय असंच वाटावं.

उभयचर प्राण्यांचा धडा मी मराठी शाळेत वर्षानुवर्षं शिकवत आले होते. बेडूक, भेक आणि सॅलॅमँडर. बेडूक दाखवायला कुठलंही डबकं चालायचं. सॅलॅमँडर मात्र नुसता एक शब्द होता. मी तो फळ्यावर लिहायची, मुलं तो वहीत चुकीचा उतरवायची आणि पुढच्या धड्याला लागायची. आता तो शब्द माझ्या ओट्याखाली श्वास घेत होता. खरं सांगते, मायने चहा ठेवायला सांगितलेलं मला ऐकूच आलं नाही.

भावाने माहिती दिली. ॲक्सोलॉटल म्हणतात. मूळचा मेक्सिकोतल्या थंड तळ्यांचा, पण हा हैदराबादेतल्याच कुणा हौशी माणसाच्या टाकीत जन्मलेला. जन्मभर पाण्यातच राहतो. बेडकाचं पिल्लू शेपूट टाकून जमिनीवर येतं, तसा हा येत नाही. कल्ले, शेपूट, सगळं लहानपणचं तसंच ठेवून वाढतो.

"म्हंजे हे लेकरूच राह्यते जल्मभर?" माय म्हणाली. "बरं हाय. हॉस्टेलले पाठवाची कटकट नाई."

भाऊ हसला, पण मान खाली घालून. पाचवीच्या वर्षी तो मंचेरियलकडच्या सरकारी निवासी शाळेत गेला. आमचे वडील तेव्हा होते, कलेक्टर कचेरीत कारकून. आपण शेतमजुराच्या घरातून कचेरीत आलो, पोराने कचेरीच्याही पुढे जावं, हा त्यांचा ध्यास. पोरगा पुढे गेला. पण सुट्टीत घरी यायचा तो पाहुण्यासारखा. मराठी बोलताना मध्येच तेलुगू शब्दावर अडायचा, आणि भाजीत मीठ कमी असलं तरी मायला सांगायचा नाही. माय नंतर मला म्हणायची, "मागतच नाई ना तो काई. मागतलं तर देता येते."

त्या दिवशी त्याने मागितलं. कंपनी त्याला बाहेरदेशी पाठवत होती, पुढचा पावसाळा अर्धा सरेपर्यंत. खोलीवरचे मित्र हा जीव सांभाळायला तयार नव्हते. मला वाटलं तो माझ्याकडे वळेल. तो मायसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "माय, मी येतपर्यंत याले सांभाळशील?"

मायने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "तू ये तं खरा. मी ठेवतो याले जित्ता." दहाव्या वर्षी हातातून गेलेल्या मुलाने तिला सांभाळायला दिलेली ही पहिलीच गोष्ट होती. ती मरू द्यायची नाही, हे तिने त्या घडीला ठरवलं. मला ते तिच्या पदर खोचण्यावरून कळलं.

थंडीचे दिवस सोपे गेले. आदिलाबादची थंडी कुणाला सांगून पटत नाही, पण जानेवारीत आमच्याकडे सकाळी नळाला हात लावणं जिवावर येतं. त्या हवेत बादलीतून आलेला आमचा पाहुणा अगदी खुशीत होता. भावाने पाठवलेली काचेची टाकी समोरच्या खोलीत मांडली होती. तिच्यात स्पंजाची एक गाळणी होती, विजेवर बुडबुडे काढत चालणारी. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून पाणी आधी दिवसभर उघड्या घमेल्यात ठेवायचं आणि मग टाकीत घालायचं. साबणाचा हात पाण्यात घालायचा नाही. खायला गांडुळं. ती माय मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या केळीखालून उकरून आणायची. पाहुणा गांडुळाकडे आधी बराच वेळ बघत बसायचा आणि मग असा झडप घालायचा, की माय दर वेळी दचकायची आणि दर वेळी हसायची.

मार्चमध्ये आमचं हसू मावळलं. टाकीतलं पाणी तापायला लागलं. करंट गेला की पंखाही बंद आणि बुडबुडेही बंद. पाहुण्याचे कल्ले पुढच्या बाजूला वळले, शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकलं. त्याने खाणं कमी केलं. बाजारातल्या नेट सेंटरवर बसून मी वाचलं, तर ही दोन्ही लक्षणं त्रासाची. वीस अंशांच्या आसपास पाणी हवं, आणि इथे तर अजून एप्रिल, मे जायचे होते.

टाकीबरोबर एक काचेचा थर्मामीटर आला होता. मला एक खोड आहे, मोजायचं साधन हातात आलं की मी सगळंच मोजते. मोरीतल्या बादलीत घातला, टाकीत घातला, दुपारच्या नळाच्या धारेखाली धरला. माय म्हणाली, "आता माह्या तोंडात घाल ते." शेवटी मी तो प्यायच्या पाण्याच्या माठात सोडला, आणि आकडा वाचून तिथेच बसले. टाकीपेक्षा कितीतरी खाली. बर्फ नाही, वीज नाही. मातीतून झिरपणारं पाणी उन्हाळी कोरड्या हवेत उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. हेही मी शिकवलेलंच होतं.

आठवडी बाजारात कुंभाराकडून आम्ही रुंद तोंडाचा मोठा रांजण घेतला. मागच्या पडवीत, ऊन शिवणार नाही अशा कोपऱ्यात ओल्या रेतीवर बसवला. बाहेरून गोणपाट गुंडाळला आणि तो दिवसभर ओला ठेवला. नवेपणाचं पाणी दोनतीनदा टाकून दिलं, आणि मग पाहुण्याला आत सोडलं. दुसऱ्या दिवशी त्याचे कल्ले मागे गेले आणि त्याने गांडूळ खाल्लं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं, जसं काही मेक्सिकोचं तळंच मावल्याला आणलं. काचेची टाकी रिकामी करून पुसून ठेवली. तिचा स्पंज मी उन्हात वाळत घातला.

इथे मायच्या माठाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचं मूळ गाव भैंशाकडचं. माय तरुण होती तेव्हा कापूस वेचायला जायची आणि दुपारी पाणी प्यायला विहिरीपाशी खाली ओंजळ धरून बसायची. वर उभं राहून कुणीतरी ओंजळीत पाणी ओतायचं. विहिरीवर आमच्या लोकांना चढू देत नसत. पुढे बौद्ध धम्माची दीक्षा झाली, वडील शिकले, नोकरी लागली, आम्ही मावल्याला राहायला आलो. कचेरीतल्या लोकांच्या बायका कधीमधी घरी यायच्या. माय सांगायची, त्या बोलायच्या माझ्याशी, पण डोळे माठावर असायचे. कुणी पाणी प्यायच्या, कुणी आत्ताच पिऊन आले म्हणायच्या. तेव्हापासून रोज सकाळी माठ रिकामा करून, चुलीची राख आणि नारळाच्या शेंडीने आतून बाहेरून घासून, ताजं पाणी भरायचं हा मायचा नेम. राखेची सोय राहावी म्हणून गॅस आल्यावरही तिने मागची चूल मोडली नव्हती. "आपल्या घरचं पानी पाहून कोनी नाक मुरडू नये," एवढंच ती म्हणायची. आमच्या घरात धूळ सापडेल, पण माठाच्या आत बोट फिरवलं तर ते कुरकुरतं.

रांजणातला पाहुणा थोडे दिवस बरा राहिला आणि मग आजारी पडला. या वेळी पाणी गार होतं, आणि म्हणूनच मला काही उमजेना. त्याच्या पायांवर आणि पोटाखाली लाल चट्टे उठले. तो पुन्हा पुन्हा वर येऊन हवा गिळायला लागला. एके सकाळी एका कल्ल्यावर पांढरी लव दिसली, कापसाच्या जिनिंगच्या पुढून गेल्यावर केसांत अडकते ना, तशी. माय ती पाहून पांढरी पडली. "कापूस फुटला याले," ती म्हणाली.

भावाच्या सामानात पाणी तपासायची एक छोटी पेटी होती. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पिवळा राहिला तर ठीक, हिरवा झाला तर पाण्यात अमोनिया आहे. माझ्या हातातली नळी हिरवीगार झाली. काचेच्या टाकीत ती नेहमी पिवळी राहायची, त्यामुळे मी चक्रावले. प्राणी तोच, खाणं तेच. पाणी तर उलट मी रोज थोडं बदलत होते. मग टाकीत नसलेला अमोनिया रांजणात आला कुठून?

शाळा तेव्हा सकाळच्याच असायच्या. तेलुगूत त्याला ओंटिपूट म्हणतात, आम्ही मराठी माणसंही तेच म्हणतो. मी दुपारी जेवायला घरी यायची, तोवर पडवीत सगळं शांत असायचं. त्या वर्षी वेगळ्या राज्यासाठी बंद वरचेवर होत. अशाच एका दिवशी दोन तास होताहोता बंदवाले आले, शाळा सुटली, आणि मी भलत्या वेळी घरी पोचले.

पडवीत पाहुणा एका घमेल्यात बसला होता. रांजण रेतीवर आडवा केलेला. माय खांद्यापर्यंत हात आत घालून, राख आणि शेंडी घेऊन, घामाघूम होत तो आतून घासत होती. पाणी तेवढं ती जपायची. मी शिळवून रांजणात घातलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून तिने बादल्या-घमेल्यांत वेगळं काढून ठेवलं होतं. घासून झालं की स्वच्छ धुऊन त्याच पाण्याने रांजण भरायचा आणि पाहुण्याला आत सोडायचं. माझ्यापासून लपवावं असं तिला त्यात काही वाटतच नव्हतं. मला पाहून म्हणाली, "रोज किती बुळबुळ होते वो आतून! मासूळवानी. आजारी नाई पडन तं काय. म्हनून आता दोन खेपा घासून राह्यली."

मी पायरीवर बसले. डोक्यात एकदम सगळं जुळलं. नायट्रोजनचं चक्र. दर वर्षी फळ्यावर मी गोल बाण काढायची. प्राण्याच्या मलमूत्रातून अमोनिया, एका जातीचे जिवाणू तो खाऊन त्याचं नायट्राइट करतात, दुसरे ते खाऊन नायट्रेट. बाण पूर्ण झाला की खडू खाली. हे जिवाणू राहतात कुठे, हा प्रश्न मला कुठल्या मुलाने विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही. ते राहतात त्या बुळबुळीत. टाकीत त्यांचं घर स्पंजमध्ये होतं, तो मी उन्हात वाळवला. रांजणाच्या खरखरीत मातीवर ते नव्याने घर बांधत होते, आणि माय रोज सकाळी ते घासून काढत होती. पाणी दिसायला काचेसारखं, आणि आत विष.

मला हे कोडं सुटल्याचा आनंद झाला, अगदी खराखुरा. पण तो मायला सांगायचा कसा? गोल बाण काढून काही उपयोग नव्हता.

"माय," मी म्हटलं, "ती बुळबुळ घाण नाही. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. याची घाण ते खातात, पाणी साफ ठेवतात. ते राहिले तर हा राहील."

तिचा हात रांजणात थांबला.

"मंग मी रोज त्याइले काढून फेकून राह्यली?"

"तुला कसं माहीत असणार? मलाही आत्ता कळलं."

"पोरानं जित्ता ठेव म्हनून देल्ला," ती म्हणाली, आणि रडायला लागली. राखेच्या हाताने डोळे पुसता येईनात म्हणून तशीच बसून राहिली. मग एकदम रागावली. राग माझ्यावर, त्या जिवाणूंवर, आणि बहुतेक सगळ्या जगावर. "बुळबुळीत रांजन? माह्या घरात? कोनी पाह्यलं तं काय म्हनन?"

मी नेट सेंटरवर पुन्हा वाचलं, आणि उपाय कळला तो मायच्या दृष्टीने आणखीच वाईट होता. आधी आजाऱ्याला वेगळं काढायचं. रोज थोडा वेळ खडेमिठाच्या पाण्यात ठेवायचं, म्हणजे ती पांढरी लव जाते. राहत्या पाण्यात जंगली बदामाची वाळलेली पानं घालायची, त्यांच्या अर्काने जखमा भरतात. पाणी मात्र काळ्या चहासारखं होतं. आणि रांजणात पुन्हा जिवाणू वसवायचे, तर कुणाच्या तरी मुरलेल्या टाकीतली घाण आणून घालायची.

बदामाचं झाड शाळेतच होतं. घाणीसाठी मी बाजारातल्या मासेवाल्याकडे गेले, सोनेरी मासे विकायचा तो. मी त्याच्या गाळणीचा स्पंज पिळून पाणी मागितलं. तो म्हणाला, "मॅडम, साफ वाला दूँ?" मी म्हटलं, नको, गंदाच पाहिजे. माझं डोकं ठिकाणावर आहे का, हे तो नजरेने तपासत होता. त्याचे मासे धडधाकट आहेत ना, हे मी प्रत्येक टाकीत डोकावून पाहिलं, आणि पिशवीभर काळं पाणी घेऊन घरी आले. माय दारात उभी होती. दुसऱ्याच्या घरचं घाण पाणी आपल्या रांजणात ओततोय, हे पाहताना तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. पण तिने अडवलं नाही.

त्यानंतर आमच्या पडवीत दवाखाना आणि घर असे दोन भाग झाले. दवाखाना म्हणजे रुंद तोंडाची मातीची कुंडी. तिच्यात जिवाणू वसायला वेळच नव्हता, म्हणून तिथलं पाणी रोज सगळं बदलायचं आणि कुंडी स्वच्छ ठेवायची. हे मायचं खातं. तिच्यासारखी कुंडी कुणी घासली नसती. मिठाच्या पाण्यात पाहुणा तडफडायचा, तेव्हा ती ओंजळ त्याच्याखाली धरून म्हणायची, "झालं, झालं लेकरा, आता काढतो." आणि घर म्हणजे रांजण. त्याला हात लावायचा नाही.

पण रिकाम्या रांजणातल्या जिवाणूंना खायला नको का? प्राणी नाही तर घाण नाही, घाण नाही तर ते उपाशी. म्हणून रोज एक मेलेलं गांडूळ रांजणात टाकून कुजू द्यायचं. हे ऐकून मायने पुन्हा खात्री करून घेतली. "म्हंजे याले घासाचा नाई, वरतून सडकं घालाचं?" मी म्हटलं, हो. तिने कपाळावर हात मारला आणि गांडूळ टाकलं.

मी रोज नळीतला रंग बघायची. हिरवा, मग आणखी हिरवा. उन्हाळा चढत होता. कुंडीतला पाहुणा कधी खायचा, कधी नाही. कल्ल्यांची पिसं विरळ झाली होती. काही सकाळी तो इतका निश्चल असायचा, की माय आधी मला हाक मारायची आणि मग स्वतः बघायची. भावाचा फोन आला की ती "मजेत हाय" म्हणायची आणि फोन माझ्या हातात द्यायची. मीही मजेतच सांगायची. दोघींचाही जीव टांगणीला लागला होता, आणि त्याच वेळी मला दुपारी घरी यायची घाई असायची, आज रंग कुठला हे बघायची. काळजी आणि उत्सुकता एकाच माणसाला एकदम होतात, हे मला तेव्हा कळलं.

शेजारीण एकदा मिरच्या मागायला मागच्या दाराने आली. कापूस-ज्वारीवाल्या शेतकरी घरातली, स्वभावाने चांगली, पण जिभेला हाड नाही. तिने रांजणात डोकावलं आणि म्हणाली, "काऊन वो मावशी, रांजन घासत नाई काय? कसं करकचून शेवाळ धरलं!"

मी मायकडे पाहिलं. तिच्या मानेची शीर ताठ झाली होती. तिने घाईघाईने रांजणावर परात झाकली, मिरच्या दिल्या, आणि शेजारीण गेल्यावर राखेचा डबा उघडून हातात शेंडी घेतली. मला तिला अडवायचं होतं, पण ती ज्या विहिरीपाशी ओंजळ धरून बसली होती तिथे मी कधी बसले नव्हते. ती रांजणापाशी बराच वेळ उभी राहिली. मग तिने परात काढून घेतली, डब्याचं झाकण लावलं आणि शेंडी कुंडीपाशी ठेवून दिली.

थोड्या दिवसांनी नळीतला रंग उतरायला लागला. हिरव्याचा पोपटी झाला आणि एके दुपारी तो पिवळा राहिला. माझा विश्वास बसेना म्हणून पुन्हा तपासलं. पुन्हा पिवळा. मी मायला ती नळी दाखवली. तिने ती उजेडाकडे धरून, साडीशी ब्लाऊजचं कापड जुळतंय का बघावं तशी, कार्डावरच्या रंगाशी लावून पाहिली. मग आम्ही बदामाच्या पानांचा अर्क रांजणात ओतला आणि पाहुण्याला त्याच्या घरी सोडलं.

तो जगला. चट्टे फिके झाले, लव गेली. विरळ झालेल्या कल्ल्यांवर नवी पिसं फुटली, आधीपेक्षा दाट. या प्राण्याचा तुटलेला पायही पुन्हा येतो हे मी वाचलं होतं, पण डोळ्यांसमोर पीस फुटताना बघणं वेगळं. मी शाळेतून मुलांच्या तुकड्या घरी आणून त्यांना तो दाखवला. हवा दमट झाली तेव्हा रांजणाचा गारवा कमी पडला, मग बर्फाच्या बाटल्या तरंगवून ते दिवस काढले.

शेजारीण पुन्हा आली, पुन्हा डोकावली. या खेपेला पाणी तांबडं-काळं होतं, आणि रांजणाच्या आतून हिरवट साय धरलेली. "अजून नाईच घासला वाटते?"

माय भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "नाई घासला, अन् घासनारबी नाई. त्या बुळबुळीत राबनारे हायेत. दुसऱ्याची घान काढतेत, म्हनून पानी चांगलं राह्यते. दिसत नाईत म्हनून काय खरवडून फेकाचे?"

शेजारणीला ते कितपत कळलं कोण जाणे. तिने पुन्हा एकदा रांजणात डोकावलं. मग म्हणाली, "एक गिलास पानी दे वो मावशी, लई ऊन हाय," आणि मायने माठातलं पाणी तिला दिलं. तो माठ माय अजूनही रोज घासते.

पावसाळा अर्धा सरला आणि भाऊ परतला. बॅग दारात टाकून तो आधी समोरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीकडे गेला. टाकीत मायने कांदे भरून ठेवले होते. त्याचा चेहरा एकदम पडला. त्याने वळून मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "असा काय पाहून राह्यला? मांगं चाल."

पडवीत तिने रांजणावरची परात काढली. वरून पाहिलं तर तांबूस काळं पाणी, बाकी काही नाही. भाऊ वाकला. आम्ही दोघीही वाकलो. मग खालून ते हसरं तोंड हळूच वर आलं, हवेचा एक घोट घेतला आणि परत खाली गेलं. कल्ले दाट लाल, एकदम निरोगी.

भाऊ हसायला लागला. हसताना त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्याने बाही वर करून हात पाण्यात घातला. बोटं रांजणाच्या कडेला लागली. "अरे बापरे, केवढं बुळबुळीत झालं हे! माय, तुले एकटीले उचलून घासता येत नसन, नाई का? थांब, मी घासून देतो." आणि खरोखरच, कौतुकाने, मायचं काम हलकं करायला म्हणून, त्याने कुंडीपाशी ठेवलेली नारळाची शेंडी उचलली.

मायने त्याचं मनगट धरलं.

"हात नको लावू," ती म्हणाली. "लई मुश्किलीनं वसवलं हाय ते."

आणि ती त्याला सांगायला लागली. कापूस कसा फुटला, रंग हिरवा कसा झाला, मासेवाल्याचं काळं पाणी, सडकं गांडूळ, मिठातली तडफड, पिवळी नळी. मी तिला सांगितलेलं सगळं आता तिच्या शब्दांत येत होतं, आणि माझ्यापेक्षा ती चांगलं सांगत होती. भाऊ उभ्या उभ्या ऐकत होता. शेंडी त्याच्या हातातून केव्हाच खाली पडली होती. त्याला प्रवासाचा शीण होता, भूक होती, पण मनगट मायच्या हातात होतं आणि ते त्याने सोडवून घेतलं नाही.

सांगून संपलं तेव्हा तो म्हणाला, "माय, भूक लागली." इतक्या वर्षांत असं त्याने पहिल्यांदाच म्हटलं. मायने रांजणावर परात झाकली आणि त्याला तसाच, हाताला धरून, स्वयंपाकघरात घेऊन गेली.